गुडघ्याचे कृत्रिम सांधेरोपण : स्नायूंचे कार्य आणि प्रतिकारयंत्रणेचा प्रतिसाद

प्रस्तावना :

उतारवयातील गुडघेदुखी ही आज जवळजवळ प्रत्येक कुटुंबाच्या परिचयाची व्यथा आहे. अस्थिसंधिवातामुळे गुडघ्यातील कूर्चा झिजते, हाडावर हाड घासू लागते आणि औषधोपचार निष्प्रभ ठरल्यावर कृत्रिम सांध्याचा पर्याय उरतो. न्यूयॉर्क येथील हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी या संस्थेत जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत, पीटर वॉकर प्रभृतींनी विकसित केलेला 'टोटल कॉन्डायलर' सांधा १९७४ साली वापरात आला. आधुनिक सांध्यांची मूळ बैठक याच रचनेत आहे.

वेदनामुक्तीच्या दृष्टीने ही शस्त्रक्रिया यशस्वी मानली जाते. तथापि कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील १७०३ रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे १९ टक्के रुग्ण समाधानी नव्हते. अपेक्षा पूर्ण न होणे हे त्यामागील प्रमुख कारण आढळले. चालणे, जिना चढणे, खुर्चीतून सहज उठणे या अपेक्षा केवळ सांध्यावर नव्हे, तर त्यास हलविणाऱ्या स्नायूंवर आणि त्यास सामावून घेणाऱ्या शरीरावर अवलंबून असतात. या दोन घटकांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :

१. सांधेरोपणानंतर मांडीच्या स्नायूंच्या कार्यात होणारे बदल समजून घेणे.
२. कृत्रिम सांध्यास प्रतिकारयंत्रणा कसा प्रतिसाद देते ते पाहणे.
३. या दोहोंतील परस्परसंबंध स्पष्ट करणे.

कृत्रिम सांध्याचे स्वरूप :

या शस्त्रक्रियेत संपूर्ण गुडघा बदलला जात नाही; झिजलेले पृष्ठभाग कापून तेथे नवे पृष्ठभाग बसविले जातात. मांडीच्या हाडाच्या टोकावर बहुधा कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचे आवरण, नडगीच्या हाडावर धातूचे तबक आणि दोहोंमध्ये पॉलिइथिलीनची गादी अशी ही रचना असते. स्नायू, त्वचा व मज्जातंतू मात्र रुग्णाचे जुनेच राहतात.

स्नायूंच्या कार्यावरील परिणाम :

गुडघा सरळ करण्याचे कार्य मांडीच्या पुढील भागातील चार शिरांचा स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, करतो. दुखणाऱ्या पायाचा वापर कमी झाल्याने तो शस्त्रक्रियेपूर्वीच दुर्बल झालेला असतो. शस्त्रक्रियेनंतर त्यात मोठी भर पडते. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली २० रुग्णांचे मापन प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेनंतर सुमारे एक महिन्याने या स्नायूची ताकद पूर्वीपेक्षा ६२ टक्क्यांनी घटली होती. स्नायूच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र केवळ १० टक्क्यांनी कमी झाले होते.

ही तफावत अत्यंत बोलकी आहे. स्नायू बारीक झाल्यामुळे जेवढी ताकद जाते, त्यापेक्षा कितीतरी अधिक ताकद मज्जासंस्था स्नायूस पूर्ण कार्यान्वित करू शकत नसल्यामुळे जाते. सुजलेल्या सांध्यातील संवेदी मज्जातंतू मेरुरज्जूकडे असाधारण संदेश पाठवितात आणि तेथून स्नायूस जाणारी आज्ञा क्षीण होते. हा प्रकार रुग्णाच्या इच्छाशक्तीच्या कक्षेबाहेरचा आहे. निरोगी व्यक्तीच्या गुडघ्यात केवळ २० ते ३० मिलिलिटर द्रव सोडला तरी या स्नायूच्या आतील भागाची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, असे १९८४ सालच्या एका प्रयोगात दिसून आले होते. म्हणून 'रुग्ण मनापासून व्यायाम करीत नाही' असा ठपका ठेवण्यापूर्वी या शरीरक्रियेचा विचार होणे न्याय्य ठरेल.

प्रतिकारयंत्रणेचा प्रतिसाद :

हा प्रतिसाद पुढील चार पातळ्यांवर दिसतो.

अ) तात्कालिक दाह : हाड व ऊती कापल्या गेल्याने दाह निर्माण होतो. रक्तातील सी-रिअॅक्टिव्ह प्रथिन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक वाढते आणि पुढील काही आठवड्यांत पूर्वपदावर येते. जखम भरून येण्यासाठी हा दाह आवश्यकच असतो.

आ) झिजेच्या कणांविरुद्ध प्रतिसाद : वर्षानुवर्षांच्या घर्षणाने पॉलिइथिलीनचे सूक्ष्म कण सुटतात. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, वा त्याहून लहान कण विशेष उपद्रवी ठरतात. मॅक्रोफेज या भक्षक पेशी ते गिळतात, परंतु पचवू शकत नाहीत. चेतविलेल्या या पेशींतून टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ यांसारखी रसायने स्रवतात. त्यांमुळे हाड झिजविणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींची वाढ होते आणि सांध्याभोवतीचे हाड पोखरले जाते. जंतुसंसर्ग नसतानाही सांधा सैल होण्यामागे ही प्रक्रिया असू शकते.

इ) जंतुसंसर्ग : परक्या वस्तूच्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर निर्माण करून त्यात दडतात. तेथे प्रतिकारपेशी व प्रतिजैविके यांचा प्रभाव कमी पडतो. त्यामुळे मोकळ्या ऊतीत सहज नष्ट झाले असते एवढे अल्प जंतूही येथे संसर्ग घडवू शकतात.

ई) धातूविषयक अतिसंवेदनशीलता : निकेल, कोबाल्ट, क्रोमियम यांचे आयन प्रथिनांशी संयोग पावून टी-पेशींना चेतवू शकतात. मात्र त्वचेवरील चाचणी सकारात्मक आलेल्या व्यक्तींपैकी अनेकांना कृत्रिम सांध्याचा त्रास होत नाही. म्हणून अन्य कारणे तपासल्याविना धातूस दोष देणे योग्य नव्हे.

परस्परसंबंध :

स्नायू व प्रतिकारयंत्रणा हे विषय पाठ्यपुस्तकात स्वतंत्र प्रकरणांत येतात. रुग्णाच्या गुडघ्यात मात्र ते एकत्र नांदतात. दाहामुळे सूज येते, सूज स्नायूची आज्ञा अडविते, स्नायू दुर्बल राहिल्याने हालचाल मंदावते आणि न वापरलेला स्नायू अधिकच क्षीण होतो. हे चक्र भेदण्यासाठी सूज नियंत्रित ठेवणे आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली लवकर व्यायाम सुरू करणे या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांतच स्नायूस सौम्य विद्युत् उद्दीपन देण्यास आरंभ केल्यास ताकद अधिक चांगली राहते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ६६ रुग्णांवरील चाचणीत आढळले. शस्त्रक्रियेपूर्वीची स्नायूची ताकद वर्षभरानंतरच्या कार्यक्षमतेचा अंदाज देते, हेही अभ्यासातून दिसले आहे.

भारतीय संदर्भात १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आणली, हे पाऊल महत्त्वाचे होते. परंतु ती मर्यादा वस्तूच्या किमतीची आहे. पुढील कित्येक आठवड्यांच्या व्यायामोपचाराची तरतूद कुटुंबाला स्वतंत्रपणे करावी लागली, तर खर्चात प्रथम काट बसते ती त्यालाच.

निष्कर्ष :

१. कृत्रिम सांधा झिजलेला पृष्ठभाग बदलतो. स्नायूची ताकद आपोआप परत आणीत नाही.
२. आरंभीच्या दुर्बलतेत स्नायूच्या क्षयापेक्षा मज्जासंस्थेच्या अवरोधाचा वाटा मोठा असतो.
३. प्रतिकारयंत्रणेचा प्रतिसाद आरंभी उपकारक, तर झिजेच्या कणांमुळे कालांतराने अपायकारक ठरू शकतो; म्हणून वेदना नसतानाही नियतकालिक तपासणी आवश्यक आहे.
४. शस्त्रक्रियेपूर्वीचा व नंतरचा व्यायाम हा उपचाराचाच भाग मानून त्याचे नियोजन शस्त्रक्रियेच्या निर्णयाबरोबरच व्हावयास हवे.