मेंदूची प्रतिकृती : फिल्मवरून हातात

मेंदूवरील शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्याचा प्रसंग ज्या कुटुंबावर येतो, त्याच्यासमोर डॉक्टर बहुधा एक काळसर फिल्म उजेडापुढे धरतात. तीवर मेंदूच्या करड्या आकृत्या ओळीने मांडलेल्या असतात. "गाठ येथे आहे," असे डॉक्टर सांगतात, नातेवाईक मान हलवितात आणि कागदावर सही किंवा अंगठा उमटतो. परंतु ती गाठ किती खोल आहे, तिच्या शेजारून कोणती रक्तवाहिनी जाते, तेथवर पोचण्याची वाट कोठून आहे, हे सपाट आकृत्यांवरून सामान्य माणसास उमगणे कठीण असते. याच आकृत्यांपासून मेंदूची हातात धरता येईल अशी प्रतिकृती तयार करण्याचे तंत्र आता उपलब्ध आहे. ते कसे चालते आणि त्यावर विश्वास किती ठेवावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पुठ्ठ्याचा डोंगर

भूगोलाच्या शिक्षकांना हे तत्त्व नवे वाटणार नाही. डोंगराच्या नकाशावरील प्रत्येक समोच्च रेषेप्रमाणे पुठ्ठा कापावयाचा आणि ते तुकडे क्रमाने एकावर एक चिकटवावयाचे, की डोंगर उभा राहतो. दोन रेषांमधील अंतर जितके कमी, तितका डोंगर खऱ्यासारखा. अंतर वीस मीटरचे असेल, तर पाच मीटरची टेकडी नकाशात हरवण्याचाच संभव अधिक. मेंदूच्या बाबतीत पुठ्ठ्याची जागा स्कॅनमधील छेदचित्र घेते व कात्रीचे काम संगणक करतो.

छेदचित्रे कशी मिळतात

सन १८९५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. पण त्या चित्रात पुढच्या-मागच्या सर्व अवयवांच्या छाया एकमेकींवर पडत. शरीराचा एकेक काप वेगळा दाखविण्याचे काम ब्रिटिश अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. स्कॅन यंत्राने साधले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेण्यात आले. या कार्याबद्दल हाउन्सफील्ड व ॲलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने प्रतिमा घेणाऱ्या एम. आर. आय. पद्धतीसाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड हे २००३ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

कवटीच्या हाडाची प्रतिकृती हवी असल्यास सी. टी. स्कॅन सोयीचे, मेंदूच्या मऊ भागासाठी एम. आर. आय. अधिक उपयुक्त. नेहमीच्या तपासणीत छेदाची जाडी पुष्कळदा पाच मि. मी. असते. प्रतिकृतीसाठी मात्र ती सुमारे एक मि. मी. असावी लागते, कारण मेंदूचे करडे बाह्य आवरण सरासरी अडीच मि. मी. इतकेच जाड असते. अशा एका स्कॅनमध्ये २५६ ओळी, २५६ स्तंभ आणि १७६ छेद असतील, तर संगणकापुढे सुमारे एक कोटी पंधरा लाख सूक्ष्म घनकण येतात. प्रत्येक घनकणाला त्याच्या उजळपणाचा एक आकडा असतो.

सीमारेषा कोण ओढतो

यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. या कोट्यवधी कणांपैकी मेंदूचे कोणते आणि कवटी, कातडी, डोळे यांचे कोणते, हे ठरवावे लागते. केवळ उजळपणावरून निवड केल्यास घोटाळा होतो; कारण कातडीखालची चरबीही मेंदूच्या पांढऱ्या भागासारखीच उजळ दिसू शकते. म्हणून संगणक प्रथम कवटी व बाहेरचा भाग वगळतो, मग करडा व पांढरा भाग वेगळा करतो आणि शेवटी जाणकार व्यक्ती एकेक छेद पाहून चुका दुरुस्त करते. बोस्टन येथे विकसित झालेल्या 'थ्री-डी स्लायसर' आणि 'फ्रीसर्फर' या संगणक-प्रणाली यासाठी विनामूल्य मिळतात.

सीमा ठरली की तिच्यावर लहान लहान त्रिकोणांची जाळी बसविली जाते. वैद्यकीय प्रतिमांसाठी या कामाची एक प्रसिद्ध रीत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील लॉरेन्सेन व क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडली. मेंदूच्या वळ्या व खाचा नीट उतरण्यासाठी असे काही लाख त्रिकोण लागतात.

थरावर थर

त्रिमितीय मुद्रणयंत्र या जाळीचे पुन्हा आडवे काप करते आणि ते खालून वर रचीत जाते. द्रव राळ प्रकाशाने थराथराने घट्ट करण्याच्या पद्धतीचे एकस्व अमेरिकेतील चार्ल्स हल यांना १९८६ मध्ये मिळाले. आज शाळा-महाविद्यालयांत दिसणारी साधी यंत्रे प्लॅस्टिकची तार सुमारे २०० अंश सेल्सियसला वितळवून तिचे थर देतात. मेंदूची उंची नऊ-दहा सें. मी. धरली आणि थर ०.२ मि. मी.चा ठेवला, तर साडेचारशे ते पाचशे थर होतात. पूर्ण आकाराच्या प्रतिकृतीस बरेच तास, कधी संपूर्ण दिवसही लागतो. आतील भाग भरीव न ठेवता जाळीदार ठेवल्याने वेळ व प्लॅस्टिक दोन्ही वाचतात.

उपयोग आणि सावधगिरी

सन २०१८-१९ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात, डोकी एकमेकींना जोडलेल्या जुळ्या बहिणींना तीन मोठ्या शस्त्रक्रियांनंतर विलग करण्यात आले. त्या शस्त्रक्रियांच्या पूर्वतयारीत संगणकावरील दृश्यांबरोबर छापील प्रतिकृतींचाही वापर झाला होता. चाकू लावण्यापूर्वी वाट पाहून ठेवता येणे, हा या तंत्राचा मोठा लाभ होय. आरंभी उल्लेखिलेल्या नातेवाइकांच्या हाती अशी प्रतिकृती दिली, तर तेही योग्य प्रश्न विचारू शकतील आणि त्यांची संमती खऱ्या अर्थाने संमती ठरेल.

तथापि प्रतिकृती सुबक असणे आणि ती बिनचूक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. खडबडीत जाळी गुळगुळीत करताना रक्तवाहिनीवरचा बारीक फुगवटा पुसला जाऊ शकतो. मुद्रणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एस. टी. एल. फाइलीत मापाचे एकक नोंदलेले नसते. त्यामुळे आकार चुकण्याचा संभव असतो. एका प्रणालीतून दुसरीत माहिती नेताना दिशांचे संकेत बदलले, तर डाव्याचे उजवे होऊ शकते. मेंदूच्या बाबतीत ही चूक जीवघेणी ठरेल. म्हणून तयार प्रतिकृतीची मापे मूळ स्कॅनशी ताडून पाहणे आणि डावी-उजवी बाजू तपासणे अनिवार्य आहे. उपचाराचा निर्णय मूळ स्कॅन वाचणाऱ्या तज्ज्ञानेच घ्यावयाचा असतो. प्रतिकृती हे त्याला पूरक साधन होय.

दुसरी सावधगिरी रुग्णाच्या खाजगीपणाची. स्कॅनच्या फाइलीत रुग्णाचे नाव, वय व तपासणीची तारीख नोंदलेली असते. शिवाय डोक्याच्या स्कॅनमधून चेहऱ्याची ठेवणही पुन्हा उभी करता येते. त्यामुळे शिक्षणासाठी अशी माहिती वापरताना रुग्णाची संमती घेणे आणि नाव व चेहरा दोन्ही काढून टाकणे आवश्यक आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही संमत केला आहे.

शाळेच्या टेबलावर

शिक्षकांना यासाठी कोणाचा स्कॅन मिळविण्याची गरज नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१४ पासून मुद्रणयोग्य वैज्ञानिक प्रतिकृतींचा खुला संग्रह उपलब्ध करून दिला आहे. केंद्र शासनाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या साहित्यात त्रिमितीय मुद्रणयंत्राचा समावेश आहे. ज्या शाळांत अशी प्रयोगशाळा आहे, तेथील विद्यार्थी मेंदूचे दोन अर्धगोल स्वतः छापू शकतात. ज्या शाळांत ती नाही, त्यांना शेजारच्या शाळेचे साहाय्य मिळवून देण्यात पंचायत सदस्यांनी पुढाकार घ्यावा. मेंदूच्या पृष्ठभागाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग घड्यांत दडलेला असतो, हे पुस्तकातील वाक्य बोट खाचेत घातल्यावर चटकन पटते. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी तर या प्रतिकृतीचे मोल विशेष आहे. जी आकृती त्याला फळ्यावर कधीच दिसली नसती, ती त्याच्या बोटांना वाचता येते.