ओवी सापडली, पण कुणाची?

मुलांनो, मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी लातूरला भावाकडे गेले होते. मी नांदेड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. लोहा, अहमदपूर करत एसटीनं लातूरला पोचेपर्यंत अंग अगदी आंबून जातं. पण घरात पाऊल टाकते न टाकते, तोच भाची फाइल घेऊन पुढे हजर!

"आत्या, माझा मराठीचा प्रकल्प झालासुद्धा!"

भाची नववीत आहे. सरांनी विषय दिला होता, 'आपल्या भागातील जात्यावरच्या ओव्या'. फाइल पाहिली. रंगीत छपाई, पानापानाला वेलबुट्टी आणि वीस ओव्या! मी म्हटलं, "अगं, एवढं सगळं कधी केलंस?"

"अर्ध्या तासात! मोबाइलला विचारलं, लातूर भागातल्या वीस ओव्या दे. दिल्या त्यानं."

मी वाचायला बसले. यमकं जुळलेली होती, भाऊ होता, पंढरी होती, माहेर होतं. सातव्या ओवीत मात्र सासुरवाशीण दारातल्या नारळाच्या झाडाखाली उभी राहून समुद्राला निरोप सांगत होती. आता लातूरला समुद्र कुठून आला? आमच्याकडे प्यायचं पाणी २०१६ साली रेल्वेनं आणावं लागलं होतं!

तर मुलांनो, मोबाइलमधला हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कार्यक्रम असा चालतो. त्यानं अफाट मजकूर वाचलेला असतो आणि त्यावरून तो शोभेल असं वाक्य जुळवतो. तो कुठल्या गावाला गेलेला नसतो, कुठल्या आजीपुढे बसलेला नसतो. मागितल्या तर ओव्या करूनही देतो. मी भाचीला एवढंच विचारलं, "ही ओवी कुणी सांगितली? कोणत्या गावची बाई?" ती गप्प बसली.

खरं सांगू का, मीही जराशी गप्पच झाले. कारण हाच प्रश्न मला कुणी विचारला असता, तर माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

त्याचं असं झालं. २०१० साली मी डी.एड.ला होते. आमची आजी तेव्हा होती. गाव अहमदपूर तालुक्यातलं. एका दुपारी आजी आणि तिच्या मैत्रिणी ओसरीवर बसल्या होत्या. माझ्याकडे साधा, बटणांचा मोबाइल होता. हौसेनं मी त्यांच्या ओव्या त्यात घेतल्या, चौदा फाइली. फोननं आपणच नावं दिली, 'रेकॉर्डिंग १', 'रेकॉर्डिंग २'. मी एका कागदावरही काही लिहिलं नाही. वाटलं, आवाज तर ओळखीचे आहेत, कशाला लिहायचं? पुढे आजी गेली, मैत्रिणीही एकेक करून गेल्या. मेमरी कार्ड मी जपून ठेवलं होतं. काही वर्षांनी ऐकलं तर आजीचा आवाज तेवढा कळला. बाकीच्या कोण? कुणाची ओवी कोणती? सांगायला कुणीच नाही. चौदा फाइली आहेत आणि तरी नसल्यासारख्या!

आता याच्या अगदी उलट गोष्ट सांगते. गी पॉइत्वाँ हे फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुण्यात स्थायिक झालेले अभ्यासक. त्यांच्याबरोबर पुण्याच्या हेमा राईरकर. या दोघांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या ओव्या गोळा करायचं काम हाती घेतलं. एक-दोन वर्षं नव्हे, वीस वर्षांहून जास्त! एक लाखाहून अधिक ओव्या आणि एक हजाराहून अधिक गावं. १९९०च्या दशकात बर्नार बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले. त्यांनी या ओव्या संगणकात अशा रचल्या, की ओवीला तिची गाणारी, गाव, तालुका, जिल्हा आणि विषय जोडलेले राहतील. बायकांचे आवाजही ध्वनिमुद्रित झाले, शंभर तासांहून जास्त.

आपल्या मराठवाड्यातही ही मंडळी आली होती. १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावला, भीमनगर वस्तीत, बायकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या गायल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाजही या संग्रहात आहे. ताडकळस म्हणजे नांदेडपासून फार लांब नाही बरं का!

पॉइत्वाँ २००४ साली वारले, हेमाताई २०१० साली गेल्या. मग कामाचं काय झालं? पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं २०१७ पासून या ओव्या इंटरनेटवर आणायला सुरुवात केली, आणि पारीची माणसं माजलगावला परत गेली. वीस वर्षांनंतर! जाता आलं कसं? नाव आणि गाव लिहून ठेवलं होतं म्हणून. माझ्या चौदा फाइली घेऊन कुणी कुठल्या दारात जाईल?

हे सगळं ऐकल्यावर भाचीनं काय करावं? वीस पानांची फाइल कपाटात ठेवली आणि म्हणाली, "आत्या, शेजारच्या आज्जीकडे चल."

शेजारच्या आज्जी ऐंशीच्या पुढच्या. आधी आम्ही विचारलं, "तुमचा आवाज मोबाइलमध्ये घेऊ का? शाळेत ऐकवला तर चालेल का?" हे विचारायलाच हवं. आज्जी हसल्या, "घे की माय. पर मला काय येतंय? गिरणी आली अन् सगळं इसरलं." मग भाचीनं पंखा बंद केला, कारण पंख्याची घरघर आवाज खाऊन टाकते. फोन विमानाच्या खुणेवर टाकला, म्हणजे मध्येच कुणाचा फोन यायला नको. तो आज्जींच्या पुढ्यात हातभर अंतरावर ठेवला आणि पहिल्यांदा स्वतःच बोलली, आजची तारीख, ठिकाण, आज्जींचं पूर्ण नाव, वय, गाव.

'गाव' म्हटल्यावर आज्जींनी तिला थांबवलं. "कोणतं गाव सांगू? माहेरचं, जुनं का नवं?"

आज्जींचं सासर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्यांचं गाव पडलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवावी लागली. त्यांतलंच हे एक. घरातलं जातं ढिगाऱ्याखाली राहिलं ते राहिलंच. आज्जी म्हणाल्या, "ओव्या माहेरच्या हायेत. सासरी आल्यावर जावांकडून काही शिकले. नव्या गावात जातंच नव्हतं, मग काय म्हणावं?" भाचीनं वहीत गावाचा एकच रकाना आखला होता. तिथंच तिनं तो पुसला आणि तीन रकाने केले. मला विचाराल तर तिच्या प्रकल्पातलं खरं संशोधन त्या खोडरबरापासून सुरू झालं.

आज्जींना नुसतं बसून ओवी आठवेना. मग भाचीनं माळ्यावरचं जातं काढायला लावलं. आमच्याकडे आता ते लग्नात हळद दळण्यापुरतंच खाली येतं. खुंट्याला हात लागला, जातं घरघरलं आणि काय सांगू, एकामागून एक अकरा ओव्या निघाल्या! हात फिरला की शब्द येत होते, हात थांबला की आज्जी म्हणायच्या, "थांब गं, पुढचं गेलं."

मध्येच त्या भाचीला म्हणाल्या, "बघत काय बसलीस? वैरण घाल की!" पोरगी बावरून माझ्याकडे बघायला लागली. वैरण म्हणजे गुरांचा कडबा, तो जात्यात कशाला? आज्जींनी मूठभर ज्वारी उचलून जात्याच्या तोंडात टाकली, तेव्हा उलगडा झाला. संध्याकाळी आम्ही इंटरनेटवर जुने शब्दकोश उघडले. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ची, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहायला मिळतात. त्यात 'वैरणे' असं क्रियापदच आहे, म्हणजे जात्यात धान्य घालणे. लातूरच्या आज्जींचा शब्द शिकागोत भेटला!

लिहून घेताना मात्र मोबाइलनं दगा दिला. बोललेलं आपोआप टंकून देणारी सोय मराठीत २०१७ पासून आहे, पण ती आपल्या पुस्तकी बोलण्याला सरावलेली. आज्जींच्या बोलीची तिनं पार चटणी करून टाकली. शेवटी भाची कानाला फोन लावून एकेक ओळ चार-चार वेळा ऐकत बसली आणि हातानं लिहू लागली. अकरा ओव्यांना दोन दिवस लागले! आज्जी म्हणाल्या तसंच लिहिलं, 'इसरलं' असेल तर 'इसरलं'च. शुद्धलेखनाची बाई असूनही त्यात मी लाल शाई चालवली नाही. संगणकावर टंकताना युनिकोड वापरायचं हेही ठरलं. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी भलतीच अक्षरं दिसतात, हे कुणाही कारकुनाला विचारा!

मग पारीच्या संग्रहात आज्जींच्या ओव्यांसारख्या ओव्या सापडतात का ते पाहिलं. भाऊ, पंढरपूर, माहेरची वाट हे विषय तर सगळीकडे भेटले. एका ओवीचा सुरुवातीचा अर्धा भाग दुसऱ्या जिल्ह्यातल्या बाईनं गायलेल्या ओवीशी जुळला, पुढचा अर्धा निराळा. भाचीनं दोन्ही शेजारी-शेजारी लिहिल्या, दोघींची नावं आणि गावं घालून. वीस ओव्यांच्या जागी आता अकराच होत्या. वेलबुट्टी काढून टाकली. जागाच उरली नव्हती.

निघायच्या आदल्या रात्री मी पर्समधून ते जुनं मेमरी कार्ड काढलं. भाचीनं फाइली संगणकावर घेतल्या, एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवली, आणि माझ्या आईला बोलावून आणलं. दिवे मालवून आम्ही तिघी ऐकत बसलो. 'रेकॉर्डिंग ५'मध्ये एक बाई ओवी थांबवून विचारते, "अगं पोरी, हे काय करायलीस? आवाज भरायलीस का काय?" आणि सगळ्या हसतात. आई ताडकन उठून बसली. "ही तर मठाजवळची मावशी! अशी हसणारी दुसरी कोण असणार?"

भाचीनं लगेच फाइलीचं नाव बदललं. त्या रात्री चौदापैकी नऊ फाइलींना नावं मिळाली. पाच राहिल्या आहेत. गावात आईच्या बरोबरीची एक बाई अजून आहे, तिला ऐकू जरा कमी येतं. संक्रांतीला भाची कानाला लावायची यंत्रं घेऊन तिच्याकडे जाणार आहे.