अप देअर, कॅझली!

मेलबर्नच्या क्रिकेट मैदानांवर हिवाळ्यात चेंडूफळी नसते, तिथे ‘फूटी’ रंगते. या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे पहिले नियम १८५९ साली क्रिकेटवाल्यांनीच लिहिले. एकेका बाजूला अठरा गडी, लांबट चेंडू. लाथेने दूर मारलेला चेंडू हवेत झेलला की झाला ‘मार्क’! मग झेलणाऱ्याला निर्धास्तपणे लाथ मारायची मुभा. साहजिकच या खेळात उंच उडणाऱ्याची चलती.

रॉय कॅझलीचा जन्म १८९३चा, मेलबर्नचाच. उंची पाच फूट अकरा इंच. आपल्याकडे असा माणूस दारातून वाकून आत येईल, पण उडीच्या झुंजीत उतरणाऱ्या ‘रकमन’च्या मानाने ही उंची कमीच. मग गड्याने काय करावे? घरच्या शेडमध्ये आढ्याला चेंडू टांगला आणि त्याच्याकडे झेपावत राहिला. उडी घेताना छातीभर श्वास भरून घ्यायचा, म्हणजे शरीर हवेत जास्त वेळ तरंगते, असा त्याचा पक्का विश्वास होता. विज्ञान याला मान डोलवील की नाही, कोण जाणे! पण दारू-सिगारेटपासून चार हात दूर राहणाऱ्या या माणसाचा दम मात्र खरा होता.

१९११ साली सेंट किल्डा क्लबच्या बऱ्याच खेळाडूंनी व्यवस्थापनाशी भांडून संप पुकारला. जागा भरायला नवी पोरे हवी होती. त्यांत रॉयची वर्णी लागली. तिथे तो ९९ सामने खेळला आणि १९२१मध्ये साउथ मेलबर्नकडे गेला. तिथेही सामने बरोबर ९९च! दोन्ही शतके एकेका सामन्याने हुकली.

साउथ मेलबर्नमध्ये त्याचा जोडीदार होता ‘स्कीटर’ फ्लायटर. प्रतिस्पर्ध्यांना अंगाने अडवून तो रॉयसाठी वाट मोकळी करी आणि ऐन क्षणी ओरडे, “अप देअर, कॅझली!” म्हणजे, वर जा कॅझली! ही आरोळी प्रेक्षकांनी उचलली आणि बघता बघता ती बोलीभाषेत रुळली. दुसऱ्या महायुद्धात तर ऑस्ट्रेलियन सैनिकांनी तिची युद्धघोषणा केली.

एवढा नावाजलेला खेळाडू, पण या दोन्ही क्लबांकडून खेळताना विजेतेपद एकदाही त्याच्या वाट्याला आले नाही. साउथ मेलबर्न १९१८मध्ये जिंकले तेव्हा तो अजून सेंट किल्डात होता. १९३३मध्ये ते पुन्हा जिंकले तेव्हा तो तिथून निघून गेला होता. पण खेळ काही सुटला नाही. टास्मानियात तो प्रशिक्षक झाला आणि १९४१मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षीसुद्धा, मैदानात उतरत होता. या वयात आपण जिना चढताना कठडा शोधतो!

१९६३ साली होबार्टमध्ये त्याचे निधन झाले. १९७९मध्ये माइक ब्रॅडीने टीव्हीवरील फुटबॉलसाठी त्याच आरोळीचे गाणे केले आणि ते ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेले. रॉयला मैदानात कधी पाहिलेही नाही, अशी पोरे त्याच्या नावाने ओरडू लागली.