मोटारीच्या दोन मर्यादा : तांब्याची आणि लोखंडाची



उन्हाळ्यात पाण्याची एक पाळी चुकली तर उसाच्या कांड्या आखूड पडतात. मागाहून कितीही पाणी दिले तरी त्या लांबत नाहीत. पाळी चुकण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे ऐन वेळी जळालेली मोटार. “व्होल्टेज कमी होते म्हणून जळाली,” असे आपण म्हणतो. हे खरे, पण अर्धेच.

पहिली मर्यादा तांब्याची. मोटारीच्या पट्टीवर अँपिअरचा आकडा असतो. ५ हॉर्सपॉवरच्या थ्री-फेज मोटारीला तो साधारण ७.५ असतो. एवढा प्रवाह वाइंडिंग सतत सोसते. व्होल्टेज पडले की तोच पंप ओढायला मोटार जास्त अँपिअर घेते, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. ७.५ ऐवजी ९ अँपिअर गेले तर तांब्यातली उष्णता जवळजवळ दीडपट होते. तापमान १० अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे.

दुसरी मर्यादा लोखंडाची. विजेमुळे गाभ्यातील लोखंडात चुंबकत्व येते, पण लोखंड ते ठरावीकच घेते. सरी तुडुंब भरली की जादा पाणी बांधावरून वाहते, तसेच हे. व्होल्टेज फार चढले की गाभा भरतो. मग थोड्याशा जादा व्होल्टेजलाही अँपिअर एकदम वाढतात. पाणी मात्र वाढत नाही. रात्री लाइनवर लोड कमी असतो तेव्हा हा धोका असतो.

म्हणून दोन्ही काटे एकत्र पाहावेत. व्होल्टेज कमी व अँपिअर जास्त, तर तांब्यावर ताण. व्होल्टेज जास्त आणि अँपिअरही जास्त, तर गाभा भरला. ४१५ व्होल्टच्या मोटारीला ३५० च्या खाली किंवा ४५० च्या वर चालवू नये.

स्टार्टरचा रिले पट्टीवरील आकड्यालाच लावावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा फेजच्या वाटेवर असतो, तेथे ०.५८ पट धरावे, म्हणजे १४ अँपिअरच्या मोटारीला सुमारे ८. जोडणी जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावी. रिले वारंवार पडतो म्हणून त्याचा आकडा वाढवू नये. रिले पडतो तेव्हा तो मोटार वाचवत असतो. आधी कारण शोधावे.

नवी मोटार घेताना नुसते हॉर्सपॉवर विचारू नका; पट्टीवरचे व्होल्ट आणि अँपिअरही वाचा.

– ऊस विकास अधिकारी