डॉक्समध्ये तर असंच लिहिलंय!

पायथॉन नव्याने शिकणाऱ्याची संध्याकाळ हमखास खाणारी गोष्ट म्हणजे पांडास या लायब्ररीतलं 'डीएफ डॉट अपेंड'. तक्त्याला एक ओळ जोडायची, एवढंच काम. पुस्तकात तसंच दिलंय, व्हिडिओत तसंच करून दाखवलंय. आपण चालवून बघावं, तर एरर येतो: डेटाफ्रेमकडे अपेंड नावाचं काही नाहीच. मग निष्कर्ष ठरलेला, डॉक्युमेंटेशन चुकीचं आहे.

चुकीचं नाही, दुसऱ्या आवृत्तीचं आहे. जानेवारी २०२२ मधल्या १.४ आवृत्तीत 'हे बंद होणार' असा इशारा आला आणि एप्रिल २०२३ च्या २.० मध्ये अपेंड काढून टाकलं गेलं. त्याऐवजी 'कॉनकॅट' वापरायचं. कारणही रास्त होतं. पायथॉनच्या साध्या लिस्टमधलं अपेंड आहे त्याच लिस्टमध्ये भर घालतं. पांडासमधलं मात्र दर वेळी अख्ख्या तक्त्याची नवी प्रत बनवायचं. लूपमध्ये टाकलं की प्रोग्राम रांगायला लागे. १.३ आवृत्तीचं पान १.३ पुरतं आजही बरोबर आहे; सर्च करताना नेमकं तेच समोर येतं, इतकंच. आवृत्तीचा आकडा पानाच्या पत्त्यात असतो, पण पत्ता वाचतो कोण? लेखावरची तारीख पाहून निर्धास्त होणारे तर आणखी फसतात. काल लिहिलेल्या लेखातही चार वर्षांपूर्वीचा कोड चिकटवलेला असू शकतो.

दुसरा लाडका समज: प्रोग्रामर आळशी, म्हणून डॉक्स शिळे. गिटहबच्या २०१७ च्या ओपन सोर्स सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा जुनाट डॉक्युमेंटेशनची तक्रार केली, आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांनी आपण त्याला क्वचितच किंवा कधीच हात लावत नाही, असंही सांगितलं. आळस असेलही, पण खरी गोम वेगळी आहे. कोड मोडला की टेस्ट फेल होते, बिल्ड अडतं, कुणीतरी फोन करतं. पान शिळं झालं तर कुठेच काही वाजत नाही. शिवाय बदल करणाऱ्याला ते पान स्वतःला लागतच नाही. जिथे घंटा बांधली आहे, तिथे चित्र बदलतं. रस्ट भाषेत 'कार्गो टेस्ट' चालवलं की लायब्ररीच्या डॉक्समधली कोडची उदाहरणंही चालवून पाहिली जातात. पायथॉनमध्ये 'डॉकटेस्ट' २००१ पासून आहे, वापरणारे कमी. पोस्टग्रेस या डेटाबेसचे डॉक्स कोडच्याच रिपॉझिटरीत राहतात, त्यामुळे नव्या सोयीच्या पॅचबरोबर त्यातला बदलही मागितला जातो.

'आम्ही अजाइल आहोत, डॉक्स लिहीत नाही' हेही ऐकू येतं. २००१ चा अजाइल जाहीरनामा सविस्तर डॉक्युमेंटेशनपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं मानतो, पण डॉक्युमेंटेशनलाही मोल आहे हे त्याच दमात सांगतो. तेवढं वाक्य मॅनेजरांच्या स्लाइडवर मावत नसावं.

'कोड हेच डॉक्युमेंटेशन' म्हणणारेही अर्धंच खरं बोलतात. कोड काय करतो ते त्यातून कळतं. तेच अपेक्षित होतं की ती चूक आहे, हे कळत नाही. थॉम्प्सन आणि रिची यांच्या १९७१ च्या युनिक्स मॅन्युअलमध्ये 'बग्स' असा वेगळा मथळाच होता. आपल्या प्रोग्रामचे दोष त्याच्याच पानावर लिहायचे, असा प्रांजळपणा आज कुठल्या कंपनीला परवडेल?

आता एआय आहे, डॉक्स कशाला, हा सगळ्यात ताजा गैरसमज. ओपनएआयच्या पायथॉन लायब्ररीची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली आणि चॅटसाठीची कॉल करण्याची पद्धत बदलली. त्यानंतरही एआय सहायक बिनदिक्कत जुनाच कोड देत राहिले, कारण ते जुन्या मजकुरावरच शिकले होते. पानावर निदान आवृत्तीचा आकडा असतो; एआयच्या उत्तरावर तोही नसतो. तेव्हा एरर आला की आधी आपल्या मशीनवर कुठली आवृत्ती आहे ते बघावं आणि मग त्या लायब्ररीच्या रिलीज नोट्स उघडाव्यात. पांडासच्या २.० च्या नोट्समध्ये अपेंड काढल्याची नोंद आहे, आणि त्याच्या जागी काय वापरायचं तेही.