दोन रात्रींची कुटी आणि वैद्याचे नाव

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधरावा अध्याय उपकल्पनीय. वमन-विरेचनापूर्वी वैद्याने काय काय सिद्ध ठेवावे, याचे तेथील वर्णन एखाद्या अनुभवी कारखानदाराने केलेल्या यादीसारखे आहे. वास्तू दृढ असावी; निवात असावी, पण एका अंगाने वारा खेळता असावा; आत सुखाने वावरता यावे; मोठ्या इमारतीला चिकटून नसावी; धूर, ऊन, धूळ व पाणी यांचा उपद्रव नसावा; अप्रिय शब्द व गंध तेथवर पोहोचू नयेत; जवळच पाणी, उखळ-मुसळ, शौचकूप, स्नानाची जागा व स्वयंपाकघर असावे. बी.ए.एम.एस.च्या परीक्षेपुरते हे सर्वांनीच पाठ केलेले असते. पुढे दवाखान्यासाठी गाळा भाड्याने घेताना ते किती जणांना आठवले असेल, हा भाग वेगळा.

या अध्यायाची आठवण होण्यास निमित्त झाले भोर तालुक्यातील शिवरे येथील मुक्कामाचे. पुणे-सातारा महामार्गावर, शिवगंगेच्या खोऱ्यात हे गाव आहे. तेथील एका शेतकऱ्याने आपल्या रानात चार कुट्या उभारल्या असून शनिवार-रविवारी त्या तो भाड्याने देतो. गेल्या माघात दोन रात्री आम्ही तेथे राहिलो. बोलावणे केवळ पाहुणचाराचे नव्हते. "डॉक्टरसाहेब, पंचकर्माची पाटी लावायची आहे, नाव तुमचं द्या. तेलाच्या विक्रीतही तुमचा वाटा राहील," असा निरोप आधीच आला होता.

अशी बोलावणी आता अनेक वैद्यबंधू-भगिनींना येऊ लागली आहेत. बारामती तालुक्यातील पळशीवाडीस पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू केला, तेव्हा शहरी मनुष्य पैसे मोजून शेतावर झोपायला येईल यावर गावकऱ्यांचा विश्वास बसणे कठीणच होते. २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाचे कृषी पर्यटन धोरण आले व अशा केंद्रांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची वाट मिळाली. भोर आणि पूर्वीचा वेल्हे, म्हणजे २०२५ पासूनचा राजगड तालुका, यांना तर पर्यटक शोधावे लागत नाहीत. राजगड, तोरणा, नसरापूरचे बनेश्वर, भाटघरचे पाणी ही सर्व शिवऱ्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी ठिकाणे. राजगडाचा तर २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

आता कुटीविषयी. भिंती कारवीच्या कुडाच्या, दोन्ही अंगांनी शेण-मातीने लिंपलेल्या. वर मंगळुरी कौले. पश्चिमेची भिंत बंद व पूर्वेस रुंद खिडकी, म्हणजे निवात आणि एका अंगाने वारा, ही अट त्या शेतकऱ्याने ग्रंथ न वाचता पाळली होती. आजोबांचा गोठा असाच होता, एवढेच त्याचे उत्तर. शिशिरातली रात्र असूनही आत ऊब होती व पहाटे डोके जड झाले नाही. शौचकूप व न्हाणीघर जोडून होते. स्वयंपाकघर दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, त्यामुळे धुराचा त्रास नव्हता. इंद्रायणीचा भात, नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले आणि कढत पाणी. उणे एकच होते, ते शब्दाचे. महामार्गावरील मालमोटारींचा आवाज रात्रभर येत होता. चरकाने अप्रिय शब्द वर्ज्य सांगितला तो कशासाठी, हे दुसऱ्या रात्री अडीच वाजता आम्हांस कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

वास्तू उत्तम, हे निःसंशय. परंतु पाटीचे काय? येथे साधा हिशेब मांडावा. विरेचनासाठी तीन ते सात दिवस स्नेहपान, त्यानंतर तीन दिवस अभ्यंग-स्वेद, एक दिवस शोधनाचा आणि मग शुद्धीनुसार तीन, पाच किंवा सात दिवसांचा संसर्जनक्रम. मृदुकोष्ठी, तीन दिवसांत स्निग्ध होणारा व अवर शुद्धीचा रुग्ण धरला तरी दहा दिवस होतात. दीपन-पाचन वेगळेच. शुक्रवारी रात्री येऊन रविवारी दुपारी परतणाऱ्यास यातील कोणता भाग देणार? उरतो तो तेलाचा हात आणि वाफेची पेटी, आणि त्यालाच पंचकर्म म्हटले जाते.

हे निरुपद्रवी आहे, असे समजू नये. गेल्या वर्षी आमच्याकडे एक गृहस्थ आले. बोटांचे सांधे सुजलेले, सकाळचा जखडलेपणा, अरुची, अंग जड, जिव्हा साम. एका विश्रामस्थळी लागोपाठ दोन दिवस कोमट तेलाने त्यांचे मर्दन झाले होते व तिसऱ्या दिवशी त्यांना मूठ मिटता येईना. आमवाताच्या सामावस्थेत स्नेह वर्ज्य, स्वेद द्यायचा तो रूक्ष, वालुकेचा. तेल चोळणाऱ्या मुलाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. ज्या वैद्याचे नाव पाटीवर होते, ते मात्र त्या दोन दिवसांत तेथे फिरकले नव्हते.

केरळच्या पर्यटन विभागाने आयुर्वेद केंद्रांसाठी ग्रीन लीफ व ऑलिव्ह लीफ अशी वर्गवारी केली आणि अर्हताप्राप्त वैद्याची देखरेख ही त्यातील मूलभूत बाब मानली. आपल्याकडे वैद्यकव्यवसायाला १९६१ चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायदा लागू आहे, तेल-औषधांना १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा. पाटीवर मधुमेह, स्थूलता वा संधिवात बरा करण्याची हमी लिहिली, तर आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा आडवा येतो. नाव देणाऱ्याने आपला नोंदणी क्रमांकही सोबत दिला, हे ध्यानात ठेवावे. तेलावरील टक्केवारीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: ज्याला तेल नको असे सांगण्याची वेळ येणार, त्याने तेलाच्या विक्रीत वाटा घेऊ नये.

मग अशा कुट्यांशी वैद्याने संबंधच ठेवू नये काय? तसे आम्हांस वाटत नाही. रसायनपादात चरकाने कुटीप्रावेशिक विधी सांगितला तो समर्थ, निरोगी, संयमी व हाताशी भरपूर वेळ असणाऱ्यांसाठी. इतरांना वातातपिक. पंडित मदनमोहन मालवीयांनी १९३८ मध्ये तपसीबाबांच्या देखरेखीखाली कायाकल्प केला, तो दीर्घ कुटीवासाचा प्रकार होता. शनिवार-रविवारचा पाहुणा मात्र सर्वार्थाने वातातपिक. त्याला दिनचर्या देता येते: सूर्यास्ताच्या सुमारास लघु भोजन, निजताना पादाभ्यंग, ब्राह्ममुहूर्ती उत्थान, प्रतिमर्श नस्य, निराम असल्यास अभ्यंग व उष्णोदकस्नान, आणि मग चालणे. हे वर्षानुवर्षे कागदावर लिहून देऊनही रुग्ण करीत नाहीत. येथे दोन दिवस तो सहज करतो, कारण दुसरे काही करण्यासारखे नसते.

शेतकऱ्याला हे पटवताना थोडा वेळ गेला. 'पंचकर्म'ऐवजी 'दिनचर्या-निवास' या शब्दाला गिऱ्हाईक मिळणार नाही, अशी त्याची शंका, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. अखेर असे ठरले की पाटीवर कोणाचेही नाव नसावे. महिन्यातील ज्या एका रविवारी आम्ही प्रत्यक्ष जाऊ, त्या दिवसाची सूचना तेवढी लावावी. ज्वर, सूज, अजीर्ण, गर्भावस्था वा रक्तदाबाची तक्रार असणाऱ्यास तेल वा वाफ देण्यापूर्वी दूरध्वनी करावा.

फार्मसीचालकांसाठी एक गोष्ट राहिली. कुट्यांमागच्या उतारावर धायटी ऐन फुलात होती, लालभडक. आसवारिष्टांच्या संधानासाठी आपण धातकीपुष्पे बाजारातून घेतो, त्यांत काड्या, पाने व जुना माल किती येतो, हे सर्वांस ठाऊक आहे. येथे ती आपल्यासमोर खुडून सावलीत वाळवता येतात आणि कोणत्या वर्षीची, कोणत्या उतारावरची, हे सांगणारा मनुष्य जागेवर असतो. फांद्या न छाटता फुलेच खुडावीत आणि एक तृतीयांश झाडावरच राखावीत, असे त्याला सांगितले आहे. पुढच्या माघात तो पहिला नमुना पाठवील. दर मात्र अद्याप ठरलेला नाही.