एकच शरीर, दोन मोजण्या

०.०८. क्रेनियल ऑस्टिओपॅथी म्हणजे डोक्यावर हलके हात ठेवून करायचा उपचार; त्याचा शास्त्रीय पाया तपासायचा तर सुरुवात या आकड्यापासून करावी. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८ जणांना तपासलं गेलं. एका तपासनिसाचे हात डोक्यावर, त्याच वेळी दुसऱ्याचे पावलांवर. मग जागांची अदलाबदल. या उपचारात सांगितली जाणारी ‘कवटीची लय’ मिनिटाला किती वेळा जाणवते, एवढंच मोजायचं होतं. दोघांचे आकडे तंतोतंत जुळले तर गुणांक १ येतो, मेळच नसेल तर शून्याच्या आसपास. डोक्याचा आला ०.०८, पावलांचा ०.१९. त्याआधी, १९९४ मध्ये, तीन थेरपिस्टांनी १२ जणांना तपासलं होतं. तिथे तो उणे ०.०२ होता. दोन नर्सनी एकाच रुग्णाची नाडी अशी मोजली, तर आपण पुन्हा मोजायला सांगू. इथे मात्र या लयीवरूनच निदान होतं.

ही लय आली कुठून? १८९९ साली अमेरिकेतल्या कर्क्सव्हिल इथे ऑस्टिओपॅथी शिकणारे विल्यम गार्नर सदरलँड सुटी केलेली कवटी पाहत होते. कानशिलाच्या हाडाची तिरकी, पातळ कड त्यांना माशाच्या कल्ल्यासारखी वाटली. कल्ला आहे तर श्वासही असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. १९३९ मध्ये त्यांनी आपला सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला: कवटीची हाडं हलतात, आणि मेंदूभोवतीचं पाणी एका तालात भरतं-ओसरतं.

निरीक्षण बारीक होतं, निष्कर्ष घाईचा. या कल्पनेतला मुख्य सांधा कवटीच्या तळाशी आहे. लहानपणी तो कूर्चेचा असतो आणि विशीपर्यंत हाड होऊन एकजीव होतो. तान्ह्या बाळाची टाळू उडताना आपण सगळ्यांनीच पाहिली आहे, पण ती उडते हृदयाच्या ठोक्याने. मेंदूभोवतीचं पाणी साधारण १५० मिलिलिटर असतं, रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार होतं. ते हलतं हेही खरं. हलवतात मुख्यतः हृदय आणि श्वास.

आणि हाताचा दाब? जेमतेम ५ ग्रॅम. २००६ च्या एका प्रयोगात भूल दिलेल्या सशांच्या कवटीवर ५ ते २० ग्रॅमचा ताण दिला. हाडांमधल्या शिवणी सरकल्या नाहीत. एका सशावर ताण वाढवत नेला, तेव्हा ५०० ग्रॅमला ०.३ मिलिमीटर हालचाल दिसली. म्हणजे शंभरपट जोर लावल्यावर.

सिद्धांत चुकला, तरी गुण येतो का? प्रश्न रास्त आहे. जुनाट दुखण्यावरच्या १० चाचण्यांच्या (६८१ रुग्ण) २०१९ मधल्या आढाव्यात आराम दिसला. २०२४ मध्ये १५ चाचण्या तपासल्या, तेव्हा उपयोगाचा पुरावा हाती लागला नाही.

मला थांबवते ती ब्रिटनमधली, २०११ साली प्रसिद्ध झालेली चाचणी. सेरेब्रल पाल्सी असलेली १४२ मुलं; काहींना उपचार, बाकीची प्रतीक्षायादीत. सहा महिन्यांनी, कुणाला उपचार मिळाला हे ठाऊक नसलेल्या तपासनिसांनी मुलांची हालचाल मोजली. दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता. वेदना आणि झोप यांतही नव्हता. पण ‘मूल एकंदरीत सुधारलं’ असं म्हणणारे पालक उपचाराच्या गटात ३८ टक्के होते, दुसऱ्या गटात १८ टक्के.

त्या आईबापांना कुणी खोटं ठरवू नये. लेकराच्या डोक्यावर कुणी मायेने, शांतपणे हात ठेवतं, याचं मोल त्यांना कळतं. पण तेच मोल हाडं सरकवल्याची फी म्हणून घेतलं जातं, तेव्हा फिजिओथेरपीसाठी कष्टाने जमवलेला पैसा आणि वेळ तिकडे जाऊ शकतो.